‘व्हेरी’ म्हणजे नेमके किती?

पावसाळ्यात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इंग्रजी पत्रक ज्यांच्या वाचनात येते, त्यांना एका ठरावीक वाक्याची सवय झालेली असते. ‘हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर विदर्भ’ अशा धाटणीचे ते वाक्य. मराठी बातमीत त्याचे रूपांतर साधारणपणे असे होते : ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची दाट शक्यता.’ मूळ इंग्रजी वाक्यात ‘व्हेरी’ हा शब्द दोनदा आला आहे. मराठीत तो एकदा ‘अति’ झाला आणि एकदा ‘दाट’. रूपांतर करणाऱ्याने चूक केली असे मुळीच नाही. तथापि हे दोन ‘व्हेरी’ एकाच मापाचे नाहीत, ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्याच्याही सहसा ध्यानात येत नाही. ज्याची सोयाबीन शेतात उभी आहे किंवा ज्याचे घर नाग नदीच्या काठी आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

‘व्हेरी’ हे इंग्रजीतील सर्वांत अधिक वापरले जाणारे तीव्रतादर्शक क्रियाविशेषण म्हणता येईल. तीव्रतादर्शक म्हणजे ज्या शब्दाला तो लागतो त्याचा गुण वाढविणारा. त्याला स्वतःचा असा अर्थ फारसा नसतो. ‘गुड’ला लागला की चांगुलपणा वाढतो, ‘बॅड’ला लागला की वाईटपणा वाढतो. किती वाढतो, हे तो सांगत नाही. शाळेच्या वहीत लाल शाईने ‘गुड’ असा शेरा मिळालेला मुलगा शेजारच्याच्या वहीतील ‘व्हेरी गुड’ पाहून हिरमुसतो, पण त्या दोन शेऱ्यांत किती गुणांचे अंतर आहे हे शेरा देणाऱ्या बाईंनाही सांगता येणार नाही.

या शब्दाचा उगम मात्र मोठा अर्थपूर्ण आहे. लॅटिनमध्ये ‘वेरुस’ म्हणजे खरा. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वेराय’ झाले आणि नॉर्मन विजयानंतरच्या काळात ते इंग्रजीत आले. आरंभी ते विशेषण होते व त्याचा अर्थ ‘खरा, अस्सल’ एवढाच होता. ‘खरा मित्र’ म्हणायचे तर हाच शब्द वापरीत. पुढे ‘खरा चांगला’ या बोलण्यातून ‘खरोखर चांगला’ आणि त्यातून ‘फार चांगला’ असा अर्थ सरकत गेला व पंधराव्या शतकापर्यंत तो क्रियाविशेषण म्हणून स्थिरावला. खरेपणाची जुनी खूण अजून काही प्रयोगांत शिल्लक आहे. ‘धिस व्हेरी डे’ म्हणजे ‘फार दिवस’ नव्हे, तर ‘आजच, ह्याच दिवशी’. ‘द व्हेरी सेम मॅन’ म्हणजे ‘तोच तो माणूस’. मराठीत हे काम आपण ‘च’ या एका अक्षरात उरकतो. न्यायालयातील ‘व्हर्डिक्ट’ आणि कागदपत्रांचे ‘व्हेरिफिकेशन’ हेही त्याच ‘वेरुस’चे वंशज आहेत. सत्यासाठी आलेला शब्द ‘पुष्कळ’ या अर्थाला उतरला, हे पाहून कोणास वाईट वाटेल. पण मराठीतही ‘खरंच सुंदर’ म्हणताना आपण साक्ष देत नसतो, सौंदर्यच वाढवीत असतो.

सगळ्या भाषांनी हे शब्द दुसरीकडून उचलून आणलेले आहेत. जर्मन ‘झेर’ हा शब्द मुळात वेदनेचा. ‘दुखेल इतके’ असा त्याचा भाव होता. फ्रेंच ‘त्रे’ हा लॅटिन ‘ट्रान्स’पासून आला, म्हणजे ‘पलीकडे’. आपला ‘पार’ अगदी हाच. ‘पार थकलो’ म्हणणारा माणूस थकव्याच्या पैलतीराला पोहोचलेला असतो. ‘खूप’ हा फारसी ‘खूब’ म्हणजे ‘चांगला’ यापासून झाला, ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ म्हणजे ‘विस्तीर्ण’ यापासून, आणि ‘एकदम’ म्हणजे एका दमात, एका श्वासात. ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पुढे. वैदर्भी बोलण्यात ‘लय’ आहे, ‘भल्ला मोठा’ आहे, आणि नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘बहोत’ही सर्रास ऐकू येते. भीतीचे शब्द या कामाला विशेष उपयोगी पडतात. इंग्रजीत ‘ऑफुली नाइस’ आणि ‘टेरिबली सॉरी’ म्हणतात, आपण ‘भयंकर सुंदर’ म्हणतो. दोन्हीकडे भीती झिजून गेली आणि जोर तेवढा उरला. अशा शब्दांची झीज अटळच असते. एक बोथट झाला की दुसरा धार लावून घेतात. ‘व्हेरी’ पाचएकशे वर्षे टिकून आहे, हाच त्याचा मोठेपणा.

मराठी भाषकाला इंग्रजीत हा शब्द कोठे अडवतो, तेही पाहिले पाहिजे. आपला ‘फार’ सर्वसंचारी आहे. ‘फार गोड’, ‘फार आवडते’, ‘फार बोलतो’, विशेषण असो की क्रियापद, त्याला सगळीकडे मुभा आहे. ‘व्हेरी’ला ती नाही. तो विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाला लागतो, क्रियापदाला थेट लागत नाही. म्हणून ‘आय व्हेरी लाइक इट’ हे वाक्य चुकीचे. तेथे ‘व्हेरी मच’ हवे आणि तेही शेवटी. तुलनेच्या रूपालाही तो चालत नाही : ‘व्हेरी बेटर’ नव्हे, ‘मच बेटर’. गंमत अशी, की श्रेष्ठतादर्शक रूपाला मात्र तो चालतो. ‘द व्हेरी बेस्ट’ हे शुद्ध आहे, कारण तेथे त्याचा जुना ‘खरा, नेमका’ हा अर्थ जागा आहे. जे शब्द आधीच टोकाला पोहोचलेले आहेत त्यांना तो शोभत नाही. ‘व्हेरी एक्सलंट’ हे ‘अत्यंत सर्वोत्कृष्ट’ म्हणण्यासारखे आहे. आणि खरे तर तेही आपल्या सत्कार समारंभांतून ऐकू येतेच.

नकारात मराठी अधिक काटेकोर आहे, हे आवर्जून सांगायला हवे. इंग्रजीत ‘नॉट व्हेरी गुड’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘फार चांगले नाही’, म्हणजे थोडे तरी चांगले असावे असा. पण बोलणाऱ्याच्या मनात बहुधा ‘वाईटच’ असते. मराठीने अशा ठिकाणासाठी ‘फारसा’ हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे. ‘फारसा पाऊस नाही’ हे बरोबर, ‘फारसा पाऊस आहे’ असे कोणी म्हणत नाही. नकाराची चाहूल देणारे असे तीव्रतादर्शक रूप इंग्रजीत इतक्या सहजपणे सापडत नाही.

खरा घोटाळा मात्र ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांच्या सीमेवर होतो. ‘चहा फार गोड आहे’ हे मराठी वाक्य स्तुतीचे की तक्रारीचे, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरते. इंग्रजीत त्याला निवड करावी लागते. ‘व्हेरी स्वीट’ म्हणजे पुष्कळ गोड, ‘टू स्वीट’ म्हणजे नको इतका गोड, पिववत नाही असा. पहिला शब्द पायरी चढवितो, दुसरा उंबरठा ओलांडतो. ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणात ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, हा वाक्यपरिवर्तनाचा प्रकार आहे व त्याने आपल्या कित्येक पिढ्यांना घाम फोडला. ‘टू’च्या पोटात एक नकार दडलेला असतो, एवढेच त्या अभ्यासाचे मर्म आहे. ते परीक्षेपुरते लक्षात राहते आणि पुढे ‘टू गुड’ ही आपल्या शहरांतली सर्वोच्च दाद होऊन बसते. घरात बोलताना त्यात काही बिघडत नाही. परदेशातील विद्यापीठाला लिहिलेल्या शिफारसपत्रात विद्यार्थी ‘टू ऑनेस्ट’ आहे असे लिहिले, तर वाचणारा त्या प्रामाणिकपणामुळे काय अडचण झाली याचा शोध घेऊ लागेल.

मराठीत ‘टू’चे काम कोण करतो? काही अंशी ‘अति’. ‘अति तेथे माती’ आणि ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ या दोन्ही म्हणींत ‘अति’ म्हणजे प्रमाणाबाहेर. पण ‘अतिप्राचीन’ देऊळ प्रमाणाबाहेर जुने नसते, नुसते फार जुने असते. म्हणजे एकाच उपसर्गाकडे दोन्ही खाती आहेत. ‘व्हेरी हेवी’चे ‘अतिमुसळधार’ होते तेव्हा वाचकाच्या मनात यांतले कोणते खाते उघडते, हा प्रश्न आपल्याला पुन्हा हवामानाच्या पत्रकाकडे आणतो.

हवामानखात्याने या ढगळ शब्दाला मिलिमीटरमध्ये बांधून टाकले आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या २४ तासांत एखाद्या ठिकाणी ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर ‘व्हेरी हेवी’, आणि २०४.५ पासून पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. घरगुती हिशेबाने पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ‘हेवी’ सुरू होतो तो सुमारे ६ हजार लिटरला, ‘व्हेरी हेवी’ सुमारे १० हजार ७०० लिटरला आणि ‘एक्स्ट्रीमली हेवी’ सुमारे १९ हजार लिटरला. एका ‘व्हेरी’ची किंमत या गच्चीपुरती जवळपास पावणेपाच हजार लिटर, म्हणजे पाण्याच्या टँकरचा मोठा हिस्सा. शाळेच्या वहीतील ‘व्हेरी’ला असे माप कधीच मिळाले नव्हते.

ही मापे वज्रलेप नाहीत. पूर्वीच्या श्रेणीत ‘व्हेरी हेवी’ १२४.५ मिलिमीटरपासून आणि ‘एक्स्ट्रीमली हेवी’ २४४.५ पासून सुरू होत असे. २०१० नंतरच्या दशकात ती खाली आणली गेली. म्हणजे १२० मिलिमीटरचा जो पाऊस पूर्वी नुसता ‘हेवी’ होता, तो आज ‘व्हेरी हेवी’ आहे. ढग तेच, विशेषण बदलले. जुन्या श्रेणीत ‘रादर हेवी’ नावाची एक पायरीही होती, ३५.६ ते ६४.४ मिलिमीटरची. ‘बऱ्यापैकी जोरदार’ असे तिचे मराठी करता आले असते. ती पायरी काढून तो पाऊस ‘मॉडरेट’मध्ये घातला गेला, आणि इंग्रजीतील एक घरंदाज क्रियाविशेषण सरकारी नोकरीतून निवृत्त झाले.

सर्वांत वरची पायरी उघडी आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आजच्या श्रेणीनुसार २०५ मिलिमीटर आणि ९४४ मिलिमीटर हे दोन्ही ‘एक्स्ट्रीमली हेवी’च. यासाठीच ‘एक्सेप्शनली हेवी’ असा आणखी एक शब्द राखून ठेवला आहे. त्याची व्याख्या निराळी आहे : त्या ठिकाणच्या त्या महिन्यातील किंवा हंगामातील आजवरच्या उच्चांकाच्या जवळपास पोहोचलेला पाऊस, मात्र तो १२ सेंटिमीटरहून अधिक असला पाहिजे. इतर पायऱ्या चेरापुंजीला आणि बुलढाण्याला एकच माप लावतात, ही पायरी मात्र त्या त्या जागेची आठवण विचारते. माझ्या मते सर्वसामान्य माणसाच्या ‘फार’ शब्दाला हीच व्याख्या सर्वांत जवळची आहे. आपणही ‘यंदा फार पाऊस झाला’ म्हणतो ते मिलिमीटर मोजून नव्हे, आधीचे पावसाळे आठवून.

आता त्याच वाक्यातील दुसरा ‘व्हेरी’. ‘व्हेरी लाइकली’ यातील ‘व्हेरी’ पावसाचा नाही, खात्रीचा आहे. हवामानखात्याच्या पत्रकात ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. ‘दाट शक्यता’ वाचून आपण छत्री घेतो खरे, पण चारांतून एकदा ती न उघडता परत आणावी लागली तर तो अंदाजाचा दोष ठरत नाही. जागतिक हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरसरकारी मंडळानेही याच शब्दांना आकडे दिले आहेत, पण वेगळे. तेथे ‘लाइकली’ ६६ टक्क्यांपासून, ‘व्हेरी लाइकली’ ९० टक्क्यांपासून आणि ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ ९५ टक्क्यांपासून सुरू होते. तापमानवाढीस मुख्यतः माणूस कारणीभूत आहे याबद्दल या मंडळाने २००७ च्या अहवालात ‘व्हेरी लाइकली’ म्हटले, २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हटले आणि २०२१ मध्ये ही शक्यतेची भाषाच सोडून ‘निःसंशय’ अशा अर्थाचा शब्द वापरला. एका क्रियाविशेषणाच्या बदलासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांना सहा-सहा, आठ-आठ वर्षे खपावे लागले. नागपूरचा ‘व्हेरी लाइकली’ आणि आयपीसीसीचा ‘व्हेरी लाइकली’ एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे उघड आहे.

वाक्याचा उरलेला तुकडाही असाच फसवा आहे. ‘आयसोलेटेड प्लेसेस’ म्हणजे विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर. मराठीत ‘तुरळक ठिकाणी’. घाईत वाचणारा ‘तुरळक’ हा शब्द पावसाला जोडतो आणि निश्चिंत होतो. तुरळक आहेत ती ठिकाणे. तेथे पडणारा पाऊस अतिमुसळधार असू शकतो. ‘फेअरली वाइडस्प्रेड’ यातील ‘फेअरली’लाही अशीच जागा दिली आहे, ५१ ते ७५ टक्के केंद्रे.

विदर्भातील शेतकऱ्याची अडचण याहून बिकट आहे, कारण त्याच्या वाट्याला आणखी एक ‘अति’ येतो. महसूल खात्याच्या निकषानुसार एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती ‘अतिवृष्टी’. हा शब्द फार जुना आहे. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि शेजारचे राजे अशा सहा ‘ईतीं’ची, म्हणजे पिकावरील संकटांची यादी संस्कृत परंपरेने दिलेली आहे. तेथील ‘अति’ निःसंशय ‘टू’ या अर्थाचा, पिकाला सोसणार नाही इतका. आता दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहा. महसूल खात्याचा ‘अति’ ६५ मिलिमीटरला सुरू होतो. हवामानखात्याचा नुसता ‘हेवी’, कोणतेही ‘व्हेरी’ न लागलेला, ६४.५ ला सुरू होतो. म्हणजे बातमीतील ‘मुसळधार’ हाच सातबारावाल्याचा ‘अतिवृष्टी’चा पाऊस आहे. बातमीतील ‘अतिमुसळधार’ त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट वरचा. दोन्हीकडे ‘अति’ दिसतो म्हणून ‘अतिमुसळधार नव्हता, तर अतिवृष्टी कशी’ असे समजून जो पंचनाम्याची मागणी करण्यास कचरला, त्याने आपलेच नुकसान केले. भरपाईसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते आणि पाऊस मोजला जातो तो मंडळातील पर्जन्यमापकावर, त्याच्या बांधावर नव्हे. रोज थोडा थोडा पडून पीक सडविणारा पाऊस यांत कोठेच बसत नसे. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘अति’च्या जोडीला ‘सतत’ला जागा मिळाली.

शहराची गोष्ट वेगळी, पण कमी गंभीर नाही. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत शिरले, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या आणि माणसेही दगावली. २३ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंत विमानतळावर नोंदलेला पाऊस होता १०६ मिलिमीटर. वरील श्रेणीत हा आकडा ठेवून पाहावा. तो ‘हेवी’च्या पायरीवर बसतो; ‘व्हेरी’ला अजून साडेनऊ मिलिमीटर कमी आहे. शहर पाण्याखाली गेले होते आणि कोष्टक म्हणत होते, नुसता ‘हेवी’. कोष्टकाची यात चूक नाही. ते २४ तासांचे माप आहे आणि हा पाऊस मुख्यतः काही तासांत कोसळला. ‘किती’ला ‘व्हेरी’ लावता येतो, ‘किती वेळात’ याची त्या शब्दाला खबर नसते.

वादळांच्या नावांतही हाच जिना आहे. ‘सिव्हिअर’, मग ‘व्हेरी सिव्हिअर’ म्हणजे वाऱ्याचा वेग ६४ ते ८९ नॉट, मग ‘एक्स्ट्रीमली सिव्हिअर’. उन्हाळ्यात मात्र खात्याने ‘व्हेरी’ टाळून ‘उष्णतेची लाट’ आणि ‘तीव्र उष्णतेची लाट’ एवढ्यावर भागविले आहे. सपाट प्रदेशात तापमान ४५ अंशांना पोहोचले की पहिली, ४७ ला पोहोचले की दुसरी. २३ मे २०१३ रोजी नागपूरने ४७.९ अंश पाहिले. त्या दुपारी कोणाला विशेषणाची गरज भासली असेल असे वाटत नाही.

अलीकडे इशाऱ्यांना रंग आले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे कृती करा. रंग पाऊस किती पडेल हे सांगत नाहीत, आपण काय करावे ते सांगतात, म्हणून ते क्रियाविशेषणांपेक्षा अधिक कामाचे ठरले. तरीही बातमी शब्दांतच लिहावी लागते. तेव्हा ‘अतिमुसळधार’ लिहिल्यावर शेजारी ‘११५ मिलिमीटरहून अधिक’ एवढे घातले, आणि ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द ‘मोजक्याच ठिकाणी, पण’ असे केले, तर छापील जागा अर्ध्या ओळीने वाढेल. मूळ इंग्रजी पत्रक वाचणाऱ्यांनी प्रत्येक ‘व्हेरी’पुढे थांबून तो पावसाचा आहे की खात्रीचा, एवढे पाहावे. पहिला मिलिमीटरमध्ये वाचायचा, दुसरा टक्क्यांत.